मुंबई विद्यापीठात शिरावे कसे

सर्वप्रथम अभिनंदन. बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, शेजारच्या काकूंनी "किती पडले?" विचारून "हं" म्हणून झालं. आता तुम्हाला पदवी हवी आहे. ही मार्गदर्शिका अगदी नवख्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलंय, त्यांच्याकडे सगळं ठाऊक असलेला एक मामेभाऊ असतो. त्यांनी पान उलटावं. मामेभाऊ नसलेल्यांनी पेन घेऊन बसावं.

पायरी पहिली: विद्यापीठ शोधत जाऊ नये

नवखा माणूस चर्चगेटला उतरतो, ओव्हल मैदान ओलांडतो आणि राजाबाई टॉवरपुढे फाइल घेऊन उभा राहतो. टॉवर देखणा आहे. २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झालेला, प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव मिरवणारा. फोटो काढावा आणि परत फिरावं. बी.ए., बी.कॉम.चा प्रवेश इथे मिळत नाही. कलिन्यालाही मिळत नाही. तिथे प्रामुख्याने एम.ए., एम.एस्सी.चे विभाग आहेत. पदवीचा वर्ग भरतो तो संलग्न महाविद्यालयात. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा पाहतं, निकाल लावतं आणि शेवटी पदवी देतं. निकाल कधी लावतं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारू नये. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं आणि निकाल इतके रखडले की अखेर राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं.

हे विद्यापीठ १८५७ सालचं. १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या वर्षी तिसरी गुणवत्ता यादी लावावी लागली नसावी. आज विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा आहे. सावंतवाडीच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर आडनावातली वेलांटी चुकली, की ती दुरुस्त करायला कलिना पाचशेच्या आसपास किलोमीटरवर. फॉर्म भरताना म्हणूनच नावाची अक्षरं तीनदा वाचावीत.

पायरी पहिली, पुन्हा एकदा: फॉर्म

आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती केली म्हणजे प्रवेश झाला असं समजून घरी बसणारे दरवर्षी सापडतात. झालेली असते फक्त नोंदणी. तिची प्रिंट घेऊन प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, प्रत्येक फॉर्मचे वेगळे पैसे. मोबाइल नंबर शक्यतो स्वतःचा द्यावा. बाबांचा दिला की ओटीपी बाबांच्या फोनवर जातो, बाबा संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये दाराशी लटकलेले असतात आणि ओटीपी दहा मिनिटांत वारतो.

अंतिम तारखेविषयी मतभेद आहेत. जुनी माणसं म्हणतात, मुदतवाढ मिळतेच. बहुतेकदा मिळतेही. पण ज्या वर्षी तुम्ही तिच्यावर विसंबाल, नेमकी त्या वर्षी मिळणार नाही.

मग याद्या लागतात: पहिली, दुसरी, तिसरी. नाणावलेल्या कॉलेजची पहिली यादी नव्वदीत सुरू होते आणि तुमचे एकाहत्तर टक्के त्या यादीपुढे कसेसेच दिसतात. रडू नये. त्या जागांमधून अल्पसंख्याक कोटा, व्यवस्थापन कोटा आणि इनहाऊस कोटा आधीच वजा झालेला असतो. इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेली मुलं. थोडक्यात, पदवीचं कॉलेज तुम्ही दहावीनंतरच निवडलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, इतकंच.

यादीत नाव आलं, की नवीन भाषा शिकावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मेजर आहे, मायनर आहे, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी आणि आयकेएस आहे. घाबरण्याचं कारण नाही, खिडकीपलीकडच्या माणसालाही हे सगळं पाठ नाही. पदवी चार वर्षांची ऑनर्स झाली आहे आणि वाटेत बाहेर पडायला दारं ठेवली आहेत: एका वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी साधी पदवी. कागदावर ही मोठी सोय आहे. पण पहिल्या वर्षानंतर ज्या मुलीला घरचे "आता पुरे" म्हणतात, तिच्या हातात पडलेल्या त्या सर्टिफिकेटकडे पाहून नोकरी कोण देणार, हे त्या दारावर लिहिलेलं नाही. माझं ऐकाल तर तीन वर्षांच्या आत कोणत्याही दाराकडे पाहू नका.

आणखी एक गंमत. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए ही नावं एआयसीटीईच्या कक्षेत गेली आणि त्यांना सीईटी लागू झाली. तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. बारसं नवं, बाळ तेच. तुम्हाला हवा असलेला कोर्स यादीत दिसला नाही, तर तो दुसऱ्या नावाने तिथेच कुठेतरी बसलेला असेल. खिडकीवर विचारा.

कागद

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, रेशनकार्ड, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमी लेयर, मध्ये वर्ष गेलं असल्यास गॅपचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या झेरॉक्स किती काढाव्यात याला उत्तर नाही. झेरॉक्सवाल्याशी ओळख काढावी. मूळ कागदांची फाइल आईकडे द्यावी, कारण आई ती लोकलच्या रॅकवर विसरत नाही.

खिडकीवरचा संवाद साधारण असा होतो:

"ओरिजिनल एलसी?"

"मॅडम, ते ज्युनिअर कॉलेजकडे आहे."

"मग घेऊन या."

"ते म्हणतात, पुढच्या कॉलेजचं अॅडमिशन लेटर दाखवा, मग देतो."

"लेटर एलसी जमा केल्यावर मिळेल. नेक्स्ट."

इथे आवाज चढवू नये. चार वाजेपर्यंत त्याच खिडकीपाशी केविलवाणा चेहरा करून उभं राहावं. चारच्या सुमारास आतून कोणीतरी म्हणतं, "अरे, त्याच्याकडून हमीपत्र लिहून घ्या ना." हा उपाय सकाळी अकरालाही ठाऊक होता. पण तो मागणाऱ्यालाच सांगायची पद्धत आहे, आणि मागायचं असतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. या साऱ्या मार्गदर्शिकेचं सार म्हणाल तर एवढंच: सोय असते, पण ती बोर्डावर नसते.

दाखल्यांचंही तसंच. उत्पन्न, जात, रहिवासी अशा दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. तरी तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस तुम्हाला पाचशेचा स्टॅम्पपेपर सरकवतो. नम्रपणे परत सरकवावा.

फी

एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर दोन विद्यापीठं नांदतात. तळमजल्यावर अनुदानित बी.ए., बी.कॉम.; शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून वर्षाची फी काही हजारांत भागते. दुसऱ्या मजल्यावर विनाअनुदानित, ज्याला आता सगळे सेल्फ फायनान्स म्हणतात: अकाउंटिंग अँड फायनान्स, मास मीडिया, आयटी. तिथे शून्यं वाढतात. दारावरची पाटी चकाचक असते, पंखा तळमजल्यासारखाच कुरकुरतो. एकाहत्तर टक्क्यांना तळमजल्यावर जागा उरत नाही आणि दुसऱ्या मजल्यावर उरते. म्हणजे ज्याला गुण कमी, त्याला फी जास्त. गुण कमी कोणाला पडतात, हे क्लास न लावता बारावी झालेल्यांनी सांगावं.

पावती हातात आली, की घडी घालून खिशात कोंबू नका, वाचा. ट्यूशन फी हा तिच्यातला एक रकाना. खाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, मॅगझिन, विद्यार्थी कल्याण, समूह विमा, ई-सुविधा, कुलगुरू निधी, आपत्ती निवारण निधी. अश्वमेध नावाचाही एक रकाना असतो. नवखे दचकतात, पण घोडा बिडा काही सोडायचा नसतो. तो आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव आहे. या छोट्या रकमा दहा-वीसच्या, त्यांच्यावरून भांडू नये. मात्र कॉशन मनी आणि लायब्ररी डिपॉझिट या दोन ओळींवर पेनाने गोल करा. ते पैसे तुमचे आहेत, कॉलेज सोडताना परत मिळतात. तीन वर्षांनी पदवीच्या आनंदात बहुतेक मुलं ते मागायला विसरतात, आणि कॉलेजही आठवण करून देत नाही.

सरकारी मदत, उर्फ वरातीमागून घोडं

मदत आहे, आणि बरीच आहे. हे थट्टेत सांगत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. मात्र ती घरातल्या पहिल्या दोनच मुलांना, तिसऱ्याने जन्म घेताना विचार करायला हवा होता. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. साधं बी.ए. त्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा आनंद कोर्स पाहून करावा. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार मिळू शकतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कर्जच काढायचं तर पंतप्रधान विद्यालक्ष्मी आहे, पण ते निवडक संस्थांपुरतं; आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहावं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी नावाच्या पोर्टलवर भरायचा. दाखल्याची फाइल २५६ केबीपेक्षा मोठी चालत नाही. लहान केली तर तहसीलदारांची सही दिसत नाही, आणि सही दिसत नाही म्हणून अर्ज परत येतो. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे, मग प्राचार्यांकडे, मग खात्याकडे जातो, आणि तुम्हाला 'तपासणी सुरू आहे' एवढंच दिसत राहतं. या वाक्याशी मैत्री करावी.

एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. महाराजांनी त्यांना 'तपासणी सुरू आहे' असं कळवल्याची नोंद मिळत नाही.

घोडं वरातीमागून येतं ते असं: फी जूनमध्ये मागतात, शिष्यवृत्ती कधीतरी पुढच्या वर्षी येते. मधला काळ आईच्या बांगड्यांवर निघतो. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. सरकार जो वाटा भरणार आहे, तो पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी वसूल करू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना वारंवार दिल्या आहेत. खिडकीवर "आधी पूर्ण भरा, मग परत मिळेल" असं कोणी म्हणालं, तर शांतपणे म्हणा, "मॅडम, हे लेखी द्याल का?" बहुतेक वेळा मॅडम आत जातात, आणि बाहेर येतात तेव्हा आकडा कमी झालेला असतो.

पैसे आले तरी ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं, तिथे जातात. आठवीत शाळेने उघडून दिलेलं, पासबुक हरवलेलं एखादं खातं श्रीमंत होऊन बसलेलं असू शकतं. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे, रांग सोडून.

नोकरी करून शिकणार असाल, तर १९७१ पासून चालत आलेलं दूरशिक्षण आहे. लोक त्याला अजून आयडॉलच म्हणतात, पाटीवर नाव आता वेगळं आहे. पदवी तीच, वर्ग शनिवार-रविवारी. कमी प्रतीची वाट म्हणून नाक मुरडू नका. दिवसभर काउंटरवर उभं राहून रात्री अभ्यास करणाऱ्यांपुढे नाक मुरडण्याची आमची तरी हिंमत नाही.

आता सगळ्यात कामाचं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर एप्रिलमध्येच काढून ठेवा, निकालाची वाट पाहू नका. निकालानंतर सेतूत अख्खा तालुका उभा असतो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. भरलेल्या प्रत्येक फॉर्मचा अर्ज क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आणि पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी गाफील राहू नका: महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो.