विषय : मूषकवर्गीय प्राण्यांबाबत

सरकारी पत्र वाचायची एक रीत आहे. वरून खाली वाचायला गेलात की फसलात. आधी थेट तळाशी जावे आणि 'प्रत माहितीस्तव' कुणाकुणाला गेली ते बघावे. प्रकरण किती तापले आहे याचा अंदाज येतो. मग सही बघावी. 'करिता' म्हणून भलत्यानेच केली असेल, तर साहेबांनी हात झटकले असे समजावे. मग 'अन्यथा' शोधावे. 'अन्यथा'च्या अलीकडे आपण काय करायचे ते असते आणि पलीकडे, न केल्यास आपले काय होणार ते. बाकीचा मजकूर हा त्या कार्यालयाचा आणि आवक-जावक वहीचा खासगी मामला असतो. त्यात आपण पडू नये.

मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे मला ही विद्या येते, असा सभासदांचा समज आहे. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू असेच एक पत्र घेऊन आल्या. काका गेल्यावर घरपट्टीला आपले नाव लागावे म्हणून त्यांनी अर्ज केला होता. उत्तर आले ते असे :

'उपरोक्त विषयान्वये व संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या प्रस्तावाची छाननी केली असता सोबतच्या कागदपत्रांमध्ये त्रुटी आढळून आल्या असून, सदर त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा आपणांस सदर प्रकरणी स्वारस्य नाही असे गृहीत धरून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

काकूंना 'स्वारस्य नाही' भारी झोंबले. "घर माझं, नवरा माझा, आणि मलाच स्वारस्य नाही?" त्रुटी कोणती आणि मुदत किती, हे मात्र पत्राने गुलदस्त्यात ठेवले होते. आम्ही कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलाने पत्रावर नजर टाकली, फाईल उघडली आणि म्हणाला, "मावशी, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स राहिलीय. या महिन्यात कधीपण आणून द्या."

पत्र त्यानेच टाईप केले होते. म्हणजे पोराला मराठी येते, आणि उत्तम येते. तोंडाने ते झुळझुळ वाहते आणि कागदाला लागले की गोठते, एवढेच.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. भाषा संचालनालय तर त्याच्याही आधीचे, १९६० चे. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत व्हावा, हा त्यामागचा हेतू. पूर्वी सरकारी कागद कळला नाही, तर इंग्रजी येत नाही म्हणून कळला नाही, असे कारण तरी सांगता यायचे. आता तीही सोय उरली नाही.

बरे, स्पष्ट लिहिणे सरकारला जमत नाही म्हणावे, तर थकबाकीची नोटीस बघा. तिच्यात रक्कम पैशांपर्यंत असते, तारीख असते, शास्ती असते, कुठल्या खिडकीवर भरायची तेही असते. घ्यायचे असते तेव्हा मराठी लखलखते, आणि द्यायचे असते तेव्हा तिच्यावर धुके उतरते.

या धुक्यात पहिल्यांदा हरवतो तो कर्ता. सरकारी वाक्यात कुणीच काही करत नाही. छाननी केली जाते, त्रुटी आढळून येतात, प्रकरण वर्ग होते, निर्णय घेण्यात येतो. एवढ्या मोठ्या इमारतीत एवढी माणसे बसलेली असतात आणि वाक्यात एक सापडत नाही! उद्या माहितीच्या अधिकारात कुणी विचारले, दप्तर तपासणीत कुणी बोट ठेवले, तर बोटाखाली माणूस यायला नको, ही त्यातली मेख.

शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणकडच्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले. आजच्या भाषेत परिपत्रकच. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. काय करायचे, का करायचे आणि न केल्यास काय होईल, सगळे त्यात आहे. साडेतीनशे वर्षे उलटली तरी तो उंदीर डोळ्यांसमोरून वात घेऊन पळताना दिसतो.

आज हेच पत्र निघाले असते तर : 'मूषकवर्गीय प्राण्यांमार्फत प्रज्वलित वातींचे अनधिकृत वहन होऊन तृणसाठ्यास अग्निबाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब, सर्व संबंधितांनी आपल्या स्तरावरून उचित दक्षता घ्यावी व केलेल्या कार्यवाहीचा अनुपालन अहवाल विहित नमुन्यात सादर करावा.' अहवाल वेळेत गेला असता. गवत मात्र जळाले असते.

सोसायट्याही काही कमी नाहीत. आमच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत दरवर्षी छापलेले असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. सुज्ञ सभासद यातून एकच अर्थ काढतात : अर्ध्या तासाने यावे. त्यामुळे सभा दरवर्षी तहकूब होते.

गेल्या महिन्यात मात्र मी हिय्या केला. एरवी आमच्या फळ्यावर 'टाकी स्वच्छतेच्या कारणास्तव पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येईल' असे लागते. या वेळी मी लिहिले : 'उद्या टाकी धुवायची आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी पाणी बंद ठेवणार आहे. आज रात्रीच भरून ठेवा.' आणि खाली माझे नाव.

'ठेवण्यात येईल'ला इतकी वर्षे कुणी हरकत घेतली नव्हती. पाऊस येतो, तसा पाणीपुरवठा खंडित होतो, अशी सगळ्यांची समजूत. 'मी ठेवणार आहे' म्हटल्याबरोबर अर्धी इमारत माझ्या दारात! "तुम्ही कोण ठेवणार?" "कुणाला विचारून?" "रविवार सोडून बुधवारच का?" तळमजल्यावरच्या अण्णांनी तर कमिटीचा ठराव दाखवा म्हणून जिन्यातच ठाण मांडले. खिडकीतल्या त्या पोराबद्दल मला त्या रात्री अपार सहानुभूती वाटली. कर्ता गाळायला त्याला कुणी शिकवले नसणार. एकदा लिहून पाहिला असेल.

तरीही पुढची नोटीस मी तशीच लिहिणार आहे. कारण भांडायला आलेला प्रत्येक जण घरी पाणी भरून आला होता.