वारलेल्या सभासदाची नोंद

वाचनालयाचं देवघेव रजिस्टर संगणकावर चढवायचं असं कार्यकारिणीत ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा गुन्हा एवढाच, की निवृत्तीनंतर मी एसक्यूएलचा क्लास केला होता.

पुस्तकं, सभासद, देवघेव अशी तीन टेबलं कागदावर आखली. वरचा डोलारा जँगो नावाच्या वेब-फ्रेमवर्कचा. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्यावरून हे नाव ठेवलंय म्हणे, त्यामुळे ते मला ऐकताक्षणीच आवडलं. पण कुठलं जँगो? साधारण दर आठ महिन्यांनी नवं येतं. मी रद्दीवाल्याकडून आणलेलं पुस्तक 1.11चं, म्हणजे 2017चं. भाचा म्हणाला, "मामा, 5.2 घे. एलटीएस आहे, तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात." मी 5.2 घेतलं आणि पुस्तक जुनंच ठेवलं. दीडशे रुपये मोजले होते.

जुन्या पंचांगावर यंदाची एकादशी धरावी, तसं झालं. तिसऱ्याच धड्यात गाडी अडली: 'ऑन-डिलीट' कुठाय? पुस्तकात त्याची सक्तीच नव्हती, ती 2.0 पासून आली. सभासद काढून टाकला तर त्याच्या नावावरच्या देवघेवीचं काय करायचं, ते आधी सांगा. 1.11 असले प्रश्न विचारत नसे. आपणहून 'कॅस्केड' धरून मोकळं होई, म्हणजे सभासदामागोमाग त्याच्या नोंदीही सती जात.

5.2चं हे विचारणं आगाऊपणाचं वाटून मी ग्रंथपालबाईंकडे तक्रार केली. त्यांनी न बोलता रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सभासद वारून चार वर्षं झाली, 'ययाति' अजून त्यांच्या घरी.

"नाव खोडलं नाही?"

"खोडलं तर पुस्तक कोणाकडे मागायचं? आणि तसंही, मागायला जायचं कुठल्या तोंडाने?"

'सेट नल' करून पाहिलं. पुस्तक बाहेर आहे, पण कोणाकडे ते ठाऊक नाही. ही तर आमची पन्नास वर्षांची चालू पद्धत. शेवटी 'प्रोटेक्ट' लिहिलं.

परवा वार्षिक सभेसाठी यादी काढली, तर ते सभासद सातव्या नंबरावर. डिलीट दाबलं. संगणक ऐकेना, म्हणे, यांच्या नावावर एक नोंद आहे. पत्त्यांच्या चिठ्ठ्या तोवर छापून झाल्या होत्या. सभेची नोटीस त्यांनाही गेली.