त्रिचक्रधारी

वृद्धत्वाशी तह करण्याचे जे काही सन्मान्य मार्ग आहेत, त्यांत दोन चाकांची मोटरसायकल विकून तीन चाकांची घेणे हा एक असावा, आणि असा तह करणारा गृहस्थ त्यानंतर चित्ती समाधान ठेवून सावकाश हिंडत असावा, अशी माझी समजूत होती. परंतु अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकी शहराच्या वेशीजवळ मुलीकडे मुक्कामाला गेलो आणि शेजारच्या गॅरेजात आमचे त्रिचक्रधारी प्रथम दृष्टीस पडले, तेव्हा ती समजूत पार मोडीत निघाली. गृहस्थ जमिनीवर उताणे पडलेले होते. वाहनाखालून फक्त दोन बूट आणि पांढऱ्या दाढीचे टोक बाहेर आले होते, आणि आतून कोणाशी तरी प्रेमळ कुजबुज चालली होती. ती एका बोल्टाशी होती, हे मागाहून कळले.

ही जात त्या देशात विपुल आहे. साठी उलटलेली असते, अंगावर बिल्ल्यांनी जडलेली चामड्याची बंडी असते आणि एक गुडघा शल्यवैद्याने बदललेला असतो. चौकात उभे राहताना चारशे किलोंची मोटरसायकल एका पायावर तोलणे नव्या गुडघ्यास झेपत नाही, म्हणून पत्नी आणि वैद्य यांच्या संयुक्त हुकुमाने तिसरे चाक दाखल होते. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 2009 सालापासून अशांसाठी ट्राय ग्लाइड नावाचे वाहन काढले आहे : वजन साडेपाचशे किलोंहून अधिक, मागे प्रवासी पेटारा, आणि सोबत्यासाठी पाठ व हात टेकण्याची अशी सोय, की आमच्या दिवाणखान्यातील कोचाने लाजावे. तीन चाके हे उतारवयाचे लक्षण आहे असे कोणी सुचवलेच, तर त्रिचक्रधारी तत्काळ इतिहासात शिरतात आणि याच कंपनीने 1932 पासून 1973 पर्यंत सर्व्ही-कार नावाची तीनचाकी बनवली, पोलिसांनी तिच्यावर बसून शहरे राखली, असा दाखला देतात. पुण्यात हयात गेलेल्या माणसास तीन चाकांचे एकच दैवत ठाऊक असते. परंतु 'रिक्षा' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

आता एंजिनाविषयी. मूळचे 114 घन इंचांचे, म्हणजे 1868 सीसीचे. पंचेचाळीस अंशांत फाकलेले दोन सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, एकूण आठ, म्हणून नाव मिलवॉकी-एट. ज्या मारुती 800 मध्ये आम्ही सहा माणसे आणि एक घागर घालून जेजुरीला जाऊन आलो, तिच्या तिन्ही सिलिंडरांचे मिळून 796 सीसी. यांचा एकच सिलिंडर त्याहून मोठा. तरीही या एंजिनाविषयी त्रिचक्रधारींचा शब्द ठरलेला आहे : "गुदमरलेय बिचारे." धुराचे आणि आवाजाचे सरकारी कायदे पाळण्यासाठी कंपनीने त्याचे नाक-तोंड दाबून ठेवले आहे, आणि त्याची मुक्तता हे आपले अवतारकार्य आहे, अशी त्यांची श्रद्धा.

माझी नोकरी सरकारी कचेरीत इतरांच्या तजविजांवर शेरे मारण्यात गेली, त्यामुळे पुढील प्रकार मला फार ओळखीचा वाटला. मूळ मंजुरी घ्यावी मोरीची, आणि मग मोरी झाली म्हणून रस्ता, रस्ता झाला म्हणून पूल, अशा पुरवणी मागण्या दाखल कराव्या, तशातला हा शिरस्ता. पहिल्या टप्प्यात एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलले. हवा अधिक येऊ लागल्याने पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाची नव्याने समजूत घालावी लागली. एवढी हवा आत येतेच आहे, तर व्हॉल्व्ह थोडे अधिक उघडावेत, म्हणून दुसऱ्या टप्प्यात कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह उघडतातच आहेत, तर सिलिंडर तरी अरुंद का असावेत? 114 चे 131 घन इंच करणारे संच मिळतात, हे त्यांनी मला जावयाचे स्थळ सांगावे तशा आवाजात सांगितले. झाले, 2147 सीसी! मग एवढा जोर पेलवेना म्हणून क्लच घसरू लागला. त्याला अधिक ताठ स्प्रिंग बसवली, आणि तेव्हा आढळून आले की, एंजिन मुक्त झाले खरे, परंतु क्लचची मूठ संधिवाताच्या डाव्या हाताला दाबवत नाही. हल्ली दूरचित्रवाणीसमोर बसून ते एक निळा रबरी चेंडू तासचे तास दाबत असतात. हा मला वाटते चौथा टप्पा.

गॅरेजच्या भिंतीवर दोन आलेख शेजारी-शेजारी टाचलेले आहेत. एक, वाहनाचे चाक रुळांवर फिरवून एंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा. दुसरा, त्यांच्या हृदयाचा. पहिल्याची रेघ वर चढावी म्हणून मेकॅनिकला आणि दुसऱ्याची भलतीकडे चढू नये म्हणून डॉक्टरला पैसे जातात, आणि यांपैकी कोणता आलेख ते पाहुण्यांना आधी दाखवतात, हे सांगायला नकोच. त्यांच्या पत्नी सर्व पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. त्यांची तक्रार नाही. "इतरांचे नवरे जुगाराच्या अड्ड्यावर असतात," त्या मला म्हणाल्या, "माझा निदान कुठे पडला आहे, ते मला माहीत असते."

साउथ डकोटात स्टर्जिस गावी 1938 साली सुरू झालेली मोटरसायकलवाल्यांची जत्रा दर ऑगस्टात भरते. मिलवॉकीहून अंतर सुमारे नऊशे मैल. त्रिचक्रधारींचा बेत दरवर्षी पक्का असतो, आणि जुलैत एंजिन दरवर्षी उघडलेले असते.

अखेर एके दिवशी मुहूर्त लागला. मला मागच्या सिंहासनावर बसवून स्वारी निघाली; प्रयोजन एवढेच, की दूध आणि पाव आणणे. एंजिनाने असा हुंकार दिला, की माझी कवळी जागची हलली. पहिल्या पन्नास यार्डांत मी आकाश पाहिले, आणि एक्कावन्नाव्या यार्डावर शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून उभी राहिली. त्या देशात अशा बसमागे थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. पुढे ती दर कोपऱ्यावर उभी राहिली, आणि तिच्यामागे 131 घन इंच, पायात पाय अडकवून, एकेक पोर घरी पोचेतोवर तिष्ठत राहिले. त्रिचक्रधारींच्या मुद्रेवर मात्र खेदाची छटा नव्हती. ते मान कलती करून धडधड ऐकत होते. "ऐकलेत?" ते दर थांब्यावर विचारीत. मी दर थांब्यावर ऐकले.

परतल्यावर त्यांनी वाहन गॅरेजकडे पाठमोरे केले आणि एक कळ दाबली. या वाहनाला मागे जाण्याची व्यवस्था आहे, परंतु ती एका लहानशा विजेच्या मोटरीवर चालते. त्या महाकाय एंजिनास त्यात कर्तव्य काही नाही. ते नुसते गुरगुरत बसले आणि ती मोटर बारीक सूर काढीत, आम्हा दोघांना, दुधाला आणि पावाला गोगलगाईच्या चालीने आत घेऊन गेली.

"कसे वाटले?" त्यांनी विचारले.

"मागे येताना फार बरे वाटले," मी खरे ते सांगितले.

त्यांनी ते वाक्य क्षणभर तोलून पाहिले, खिशातली वही काढली आणि संधिवाताच्या बोटांनी नोंद केली : पुढे जाताना बसणाऱ्यास त्रास, मागच्या स्प्रिंगा बदलणे.