अक्रोड, अॅल्युमिनियम आणि अस्मादिक

बंदुकीविषयी ज्यांनी ज्यांनी लेखणी उचलली, मग ते शाहीर असोत, बखरकार असोत किंवा शिकारीच्या आठवणी लिहिणारे निवृत्त अंमलदार असोत, त्या सर्वांनी नळीचे गुण गायिले, गोळीचा पल्ला सांगितला, प्रसंगी चापाच्या हळुवारपणाचीही वाखाणणी केली. परंतु ज्या लाकडाच्या आधाराने ही सारी मंडळी एकत्र नांदतात, आणि ज्याच्या स्वाधीन नेमबाज आपला गाल, खांदा आणि तळहात निमूटपणे करतो, त्या कुंद्यासाठी कोणी चार ओळी खर्ची घातल्याचे माझ्या वाचनात नाही. हा अन्याय आहे. नळी गोळीची सोय पाहते, कुंदा माणसाची; आणि चुकतो तो बहुधा माणूस, गोळी नव्हे.

हिशेबतपासणीच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे याविषयी आमच्या चेन्नईतल्या नुंगंबाक्कममध्ये फारसे दुमत नाही. सकाळी फिरावे, दुपारी निजावे, संध्याकाळी नातवंडांना आणावयास शाळेच्या फाटकाशी उभे राहावे. मी मात्र उतारवयात .२२ बोअरच्या एका जुन्या जर्मन रायफलीच्या नादी लागलो. ही उल्म शहरच्या आन्शुट्झ कारखान्याची, एकेक गोळी खटका ओढून भरावयाची, आणि पोटावर पालथे पडून पन्नास मीटरांवरील कागद भेदण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामास निरुपयोगी अशी वस्तू आहे. "लोळायचंच आहे तर घरी फुकट लोळता येतं की," असा शेरा सौभाग्यवतींनी प्रारंभीच मारून ठेवला होता. त्यावर मी, आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला अशीच पालथी पडून जगज्जेती झाली, हा दाखला रुजू केला. "ती जगज्जेती झाली. तुमचं काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम मी तूर्त तहकूब ठेवले आहे.

आमच्या प्रशिक्षकांनी, जे मदुरेकडचे असून शब्द काडतुसांइतकेच जपून वापरतात, एके दिवशी माझ्या गोळ्यांचा पसारा दुर्बिणीतून पाहिला, मला पाहिले, पुन्हा पसारा पाहिला आणि निकाल दिला, "सार, रायफल ओके. स्टॉक नॉट ओके." तिसऱ्या घटकाविषयी ते बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मुळात कुंद्याने काय बिघडते, अशी शंका ज्याला येईल त्याने आमच्या कॉलेज रोडवरील हवामान केंद्राच्या आवारात जावे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली येथे वेधशाळा उभारली, तेव्हा मायकेल टॉपिंग या गृहस्थाने ग्रहताऱ्यांचे वेध घेणारे यंत्र टेकविण्यासाठी सुमारे दहा टनांचा एक ग्रॅनाइटचा स्तंभ जमिनीत रोवला. पुढे १८०२ साली लॅम्टनने सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थान मापावयास काढला, त्या साऱ्या खटाटोपाचे रेखांश याच आवाराच्या हवाल्याने धरले गेले. आता ते यंत्र तेथे नाही, ती मूळ वेधशाळा नाही, तारे पाहण्याचे काम कोडाईकनालच्या डोंगरावर गेले. स्तंभ तेवढा आपल्या अंगावरील तमिळ, तेलुगू आदी भाषांतील लेख सांभाळीत जागचा हललेला नाही. यंत्र विलायतेहून कितीही नामांकित आणा, त्याची बैठक डळमळीत असली तर वेध फुकट जातो, ही गोष्ट टॉपिंगसाहेबाला ठाऊक होती. माझ्या प्रशिक्षकांनाही ती ठाऊक होती, फक्त त्यांना दहा टन लागत नव्हते. पन्नास मीटरांच्या रायफलीचे एकंदर वजन नियमाने ८ किलोच्या वर जाता कामा नये.

पन्नास मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यात साठ गोळ्या नेऊन ठेवावयाच्या तर लोखंड आणि लाकूड यांच्यात किंचितही कुरबूर चालत नाही; आणि लाकूड हा तर स्वभावतःच कुरबुरीचा पदार्थ. झाड तोडून, पोखरून, रंधून, तेल पाजून झाले तरी ते हवेतील ओलावा पिण्याचे सोडीत नाही. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे दारे चौकटीत बसेनाशी होतात. कुंद्याचेही तेच होते; फरक इतकाच, की दाराला लाथ मारता येते. कुंद्याचा पुढला भाग फुगून नळीला टेकला म्हणजे बार होताना नळीला जो मोकळा थरथराट हवा असतो त्यात अडथळा येतो, आणि काल दहावर बसणारी गोळी आज आठाच्या घरात राहावयास जाते. सबब नळी कुंद्यावर अधांतरी तरंगती ठेवतात, आणि मागील यांत्रिक भाग राळेच्या लेपात किंवा धातूच्या छोट्या खांबांवर असा बसवितात की स्क्रू आवळताना त्याला पीळ पडू नये. नळी खरोखर तरंगते आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रशिक्षकांनी माझ्याकडून दहा रुपयांची नोट मागून घेतली आणि ती नळी व लाकूड यांच्या फटीतून सरकविली. नोट अर्ध्यावर अडली. रोगाचे निदान झाले, आणि नोटही परत मिळाली. निदानासाठी इतके कमी शुल्क घेणारा वैद्य मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

नवा कुंदा मापाने करवून घ्यावयाचा, असे ठरले. येथपर्यंत माझी अशी समजूत होती की मागणीपत्रात बंदुकीचा तपशील भरावयाचा असतो. परदेशातील त्या कारागिरांनी पाठविलेला मसुदा उघडला तेव्हा त्यात बंदुकीविषयी चारदोन रकाने होते आणि बाकीचा सारा मजकूर माझ्याविषयी होता. चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतची लांबी किती हवी, हे ठरविण्यासाठी कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पेऱ्यापर्यंतचे अंतर द्या. गालाची उंची द्या. मान लांब की आखूड, ते लिहा. तळहाताची रुंदी, अंगठ्याची ठेवण, छातीचा घेर, खांद्याचा उतार. सरकारी नोकरीत माझी सेवापुस्तिका तीन वेळा हरवली आणि तीन वेळा नव्याने लिहिली गेली, परंतु त्यात माझ्या देहाविषयी 'उजव्या भुवईवर तीळ' एवढीच नोंद होती. त्या तिळाची येथे कोणी चौकशीही केली नाही.

सूनबाईंनी फीत धरली, नातवाने आकडे टिपले, आणि माझ्या हाताची लांबी कारखान्याच्या नेहमीच्या साडेतेरा इंची मापात बसत नाही, हात त्यापेक्षा आखूड आहे, हे सिद्ध झाले. "तरीच पैसे काढायला खिशापर्यंत पोचत नाही," असे स्वयंपाकघरातून ऐकू आले. येथे इंग्रज फौजेच्या एका गुणाची नोंद केली पाहिजे. शिपायांच्या बाबतीत तिने पुष्कळ गोष्टी एकाच मापाने उरकल्या, परंतु ली-एन्फील्ड रायफलीचा दस्ता मात्र लांब, साधारण, आखूड आणि 'बँटम' अशा चार लांब्यांत काढला. हे शेवटचे नाव कोंबड्यांच्या एका ठेंगण्या जातीचे आहे. माझी भरती त्या काळी झाली असती तर कोणत्या कोठीतून मला दस्ता मिळाला असता याविषयी नातवाला संशय उरला नाही, आणि त्या दिवसापासून घरात मला एक नवे टोपणनाव पडले आहे, ते मी येथे देत नाही.

त्याहून मोठा धक्का डोळ्यांचा. दोन्ही तळव्यांच्या मध्ये एक झरोका करून त्यातून दूरचा खांब पाहावा, मग एकेक डोळा मिटून घ्यावा. ज्या डोळ्याला खांब झरोक्यातच दिसत राहतो तो डोळा प्रधान, अशी ही परीक्षा आहे. मी उजव्या हाताने जेवतो, लिहितो, नमस्कारात उजवा हात पुढे करतो. आणि माझा प्रधान डोळा निघाला डावा. म्हणजे इतकी वर्षे माझ्या मस्तकात डाव्या डोळ्याचा अंमल बिनबोभाट चालू होता, आणि मूळ मालकाच्या बारनिशीत त्याची साधी नोंदसुद्धा नव्हती! कुंदा उजवा की डावा, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. अखेरीस प्रशिक्षकांनी तोड काढली, की कुंदा उजवाच घ्यावा आणि नेम धरताना डाव्या डोळ्यापुढे एक लहानशी पट्टी लावावी. जुन्या सत्ताधीशाला पदच्युत न करता नुसते पडद्याआड ठेवण्याची ही मसलत मला पसंत पडली.

लंडनच्या पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या पेढ्यांत राजेमहाराजे बंदुका करवून घेत तेव्हा त्यांना मसुदे भरावे लागत नसत. तेथे सांधेजोड कुंद्याची एक नमुन्याची बंदूक असे. ती गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून, कुठे लांबवून, कुठे वाकवून, मग तिच्यावरून मापे उतरून घेत. मद्रासेतही माउंट रोडवरील पी. ऑर अँड सन्स ही पेढी एका छपराखाली घड्याळेही विकी आणि बंदुकाही. आज त्या रस्त्यावर उभे राहून 'माझा गाल उंचीने कमी पडतो, काही तजवीज होईल का?' असे विचारणाऱ्यास लोक दंतवैद्याचा पत्ता देतील.

मग आला पदार्थाचा प्रश्न. आमच्या घरच्या जुन्या आसारींना, म्हणजे सुतारांना, साग सोडून दुसरे लाकूड लाकूड वाटत नाही. त्यांनी माझा कुंदा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि हा ज्याने घडविला त्याचे सरळ रेषेशी वैर असावे, असे मत दिले. सागात करून देतो म्हणाले. परंतु साग तेलकट. त्याला राळेचा लेप मनापासून धरीत नाही. शिसवी वजनाने जड. अक्रोड हाच बंदुकीचा परंपरागत सोबती, हलका, चिवट आणि धक्क्याने न फुटणारा. काश्मिरी अक्रोडाचे नाव त्या कामी जुने आहे. परंतु अक्रोडही अखेर लाकूडच, आणि आमचा नोव्हेंबर कोणाचीही भीडमुर्वत ठेवीत नाही. आजचे बहुतेक स्पर्धक अॅल्युमिनियमचा कुंदा वापरतात. त्याला ओलावा बाधत नाही, आणि गालापासून टाचेपर्यंत प्रत्येक भाग स्क्रूने वरखाली होतो. तो पाहून मला आदर वाटला. गाल टेकवावासा वाटला नाही.

शेवटी निवड झाली ती पातळ पापुद्रे राळेने चिकटवून दाबलेल्या लाकडाची. यातील प्रत्येक पापुद्र्याला आपापल्या दिशेने वाकण्याची इच्छा असते, परंतु वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांनी त्याला असे धरलेले असते की त्याला वाकता येत नाही आणि सुटताही येत नाही. एकत्र कुटुंबपद्धतीचे याहून मजबूत उदाहरण मी पाहिले नाही. पापुद्रे रंगवून मिळतात, ही बातमी मात्र घरात फुटावयास नको होती. सूनबाईंना मोरपंखी हवा होता, नातवाला चेन्नईच्या क्रिकेटसंघाचा पिवळा, आणि सौभाग्यवतींना 'काही का असेना, पण दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभेल असा'. मी राखाडी लिहिला. किमतीचा आकडा येथे देत नाही, कारण हे मासिक घरातही वाचले जाते.

शेजारचे तंजावूरकर रावसाहेब हे सारे पाहून व्यथित झाले. अहिंसेच्या देशात, पेन्शनरच्या घरात, असले व्यसन! त्यांना मी एवढेच सांगितले, की १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते: लोकसभेचे पहिले सभापती, गांधीजींच्या सत्याग्रहांत तुरुंगवास सोसलेले, आणि मूळचे आपल्या रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे घराणे. अखिल भारतीय नेमबाजीची एक मोठी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. रावसाहेब विचारात पडले, आणि मावळंकर देशस्थ की कोकणस्थ, असा प्रतिप्रश्न करून त्यांनी चर्चा सुरक्षित प्रदेशात नेली.

कुंदा समुद्रापलीकडून निघाला आणि एका कचेरीत येऊन थबकला. तेथील अधिकारी अत्यंत सौजन्यशील होते. त्यांची अडचण निव्वळ तात्त्विक होती. जकातीच्या कोष्टकात ४४ व्या प्रकरणात लाकूड येते, ९३ व्यात शस्त्रे आणि त्यांचे भाग, ९४ व्यात फर्निचर आणि ९५ व्यात खेळणी व क्रीडासाहित्य. समोरची वस्तू लाकडाची होती, शस्त्राचा भाग होती, क्रीडेसाठी होती, आणि गुंडाळलेल्या अवस्थेत खुर्चीच्या हातासारखी दिसत होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्या मी बरोबर नेली होती. तीत शस्त्रांबरोबर शस्त्रांचे भागही धरले आहेत, आणि केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, जसे की लाठी आणि साधी चालण्याची काठी, नावानिशी वगळल्या आहेत. "मग ही काठी म्हणून दाखविता येणार नाही," असे ते खेदाने म्हणाले. माझा परवाना, संघटनेचे पत्र आणि रायफलीचा क्रमांक यांची रुजवात घालून ९३ वे प्रकरण लागू झाले. हिशेबतपासनीस म्हणून सांगतो, निर्णय बिनचूक होता. विलंबावर मात्र मी माझ्या नोकरीच्या काळात हरकत घेतली असती.

आता कुंदा रायफलीला बसला आहे. दहाची नोट नळीखालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बिनहरकत जाते. माझे गुण वाढले आहेत, परंतु थोडे. तक्रारीला जागा राहिलेली नाही, हा तोटा त्या मानाने मोठा आहे. ज्या कोणा वाचकास असा कुंदा मापाने मागवावयाचा असेल त्याला माझी एकच विनंती आहे, की हाताची व खांद्याची मापे घेताना नेमबाजीचे जाकीट अंगात असू द्यावे, कारण त्याचे जाड कापड आणि कातडे खांद्याशी जी जागा खातात ती नुसत्या बनियनवर घेतलेल्या मापात धरली जात नाही. आणि तो वाचक चेन्नईत राहत असेल तर हे काम त्याने पौषात उरकावे, वैशाखात नव्हे.