चहा धरून सोळा तास

"कार्डिओग्राम कुणाचा आहे?" बायकोने विचारलं.

डायनिंग टेबलावर लांबच लांब कागद पसरला होता आणि त्यावर लाल रेघेचे सुळके उठले होते.

"हा राजगड," तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने बोट ठेवलं. "हा दुसरा तोरणा. इथे रेघ एकदम कोसळलीय ना, ती बोराट्याची नाळ. आणि हा शेवटचा रायगड."

तिने कोसळलेल्या रेघेकडे नीट पाहिलं. "म्हणजे पेशंट इथे गेला," असं म्हणून ती कुकर लावायला उठली.

बेत असा होता. पहाटे गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून डोंगरधारेने तोरणा गाठायचा, बुधला माचीवरून पश्चिमेला मोहरीपर्यंत जायचं, तिथून बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरायचं, काळ नदी ओलांडायची आणि रायगड चढायचा. ट्रेकवाले याला तीन दिवस घेतात, तेही मुक्कामाला पिठलं-भाकरी खाऊन. आम्ही हे सगळं एका दमात पळत करणार होतो. 'एका दमात' हा शब्द मेव्हण्याचा. माझा दम आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर संपतो.

तिसरा गडी खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य. मों ब्लां पर्वताला वळसा घालणाऱ्या त्या प्रसिद्ध शर्यतीचे व्हिडिओ हा माणूस दवाखान्यात दोन पेशंटांच्या मध्ये बघतो. अंतर १७० किलोमीटरच्या वर, चढ १० हजार मीटर. "आपल्याकडे सह्याद्री नुसता पडलाय," असं तो एकदा म्हणाला आणि पडलेल्या सह्याद्रीचं काहीतरी केलं पाहिजे असं आम्हाला वाटायला लागलं.

मेव्हण्याने एक्सेल उघडलं. हा माणूस बारशालासुद्धा एक्सेल उघडतो. नकाशावर मोजून त्याने अंतर काढलं अंदाजे ५५ किलोमीटर, एकूण चढ ३००० मीटर. मग त्याने नेस्मिथसाहेबांना बोलावलं. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ साली एक सोपा हिशेब घालून दिला: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात ५ किलोमीटरला तास आणि ६०० मीटर चढाला तास. म्हणजे अंतराचे ११, चढाचे ५, एकूण १६ तास.

"आणि चहा?" मी विचारलं.

नेस्मिथने चहा धरला नव्हता. ब्रिटिश माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. बरीच घासाघीस झाल्यावर मेव्हण्याने उताराचा वेग थोडा वाढवला, त्यातून दोन चहा बसवले आणि बेरीज पुन्हा सोळावर आणली. उतार फुकट मिळतो असं त्याचं मत होतं. नेस्मिथनेही उताराला वेगळा वेळ लावलेला नाही, हे त्याला फार आवडलं होतं.

बायकोने जाता जाता रकाने वाचले. "तोरणा घेतला तो १६४६ च्या सुमारास ना? आणि रायगडावर राज्याभिषेक १६७४ ला. त्यांना २८ वर्षं लागली. तुम्ही दोन चहा घेऊन सोळा तासांत पोचणार."

पहिलं भांडण राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून झालं. वाट पद्मावती माचीवरून संजीवनीकडे जाते, बालेकिल्ला वर बाजूला राहतो. दंतवैद्याचं म्हणणं, तो चढलो नाही तर राजगड केला असं म्हणता येणार नाही. मेव्हण्याचं म्हणणं, चाळीस मिनिटं जातात. त्याच न्यायाने तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापर्यंत जायचं की बुधल्यावरूनच पुढे सटकायचं, हाही प्रश्न आला. देवीला टाळणं कुणालाच बरं वाटेना. शिवाय तिच्या आसपासच्या टाक्यांत पाणी असतं, तेव्हा देवीला भक्तीखाली एक मिनिट आणि पाण्याखाली नऊ मिनिटं मिळाली. मी मात्र नकाशावर 'रडतोंडी बुरूज' हे नाव वाचलं होतं आणि माझा जीव तिथेच अडकला होता. राजगडाकडून तोरण्यावर चढताना हा बुरूज लागतो. बारसं करणारा माणूस आमच्यासारखाच कुणीतरी असणार.

महिना ठरवायला महिना गेला. पावसाळा पहिल्या फटक्यात बाद झाला. समुद्रावरून निघालेले ढग पहिल्यांदा अडतात ते याच भिंतीला, आणि नाळ म्हणजे त्या भिंतीचं पन्हळ. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं, वाट दिसत नाही आणि ऊन टाळू भाजतं. एप्रिल-मेमध्ये करवंदं असतात पण टाकी आटत आलेली असतात. उरले डिसेंबर-जानेवारी, म्हणजे पहाटे घाटमाथ्यावर दात वाजणार आणि दुपारी कोकणात उतरलं की अंगावरचा घाम वाळणार नाही. एकाच दिवसात कानटोपी आणि बनियन, दोन्हीची गरज. दात वाजणार म्हटल्यावर दंतवैद्य खूश.

सामानाची यादी मी इथे देत नाही, कारण ती अजून माझ्या क्रेडिट कार्डावर आहे. पाठीला चिकटणारी दोन लिटरची पाण्याची पिशवी, कपाळावरचा दिवा, घडीच्या काठ्या, आणि आणीबाणीत अंगाभोवती गुंडाळायचं एक चंदेरी पांघरूण. "हे आपल्याकडे रोल आहे अख्खा," बायको म्हणाली आणि तिने पोळ्यांच्या डब्याशेजारचा फॉइलचा रोल दाखवला. खाण्यावरून पुन्हा दोन तट पडले. दंतवैद्याला दर पाऊण तासाला पाकिटातलं एनर्जी जेल हवं होतं. मी गूळ-शेंगदाणे आणि खजूर म्हणत होतो. चिक्कीला दंतवैद्याने धंद्यापुरता पाठिंबा दिला.

शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी पाहणीसाठी निघालो. कोसळलेली रेघ आधी डोळ्यांनी बघायची असं ठरलं. वेल्ह्याच्या पुढे गाडीने मोहरी गाठली. गावातून रायलिंगाच्या पठाराच्या कडेला गेलो आणि तिघंही बोलायचे थांबलो. समोर लिंगाण्याचा सुळका, कुणी जमिनीतून वर खुपसल्यासारखा उभा. त्याच्या मागे रायगडाचा सपाट माथा, अगदी हात लांब केला तर लागेल असा. मध्ये मात्र सहा-सातशे मीटर खोल हवा. मेव्हण्याने फोनवर बघितलं. "इथून रायगड सरळ रेषेत फार नाही," तो म्हणाला. सरळ रेषेत जाणारी एक घार आमच्या पायाखालून गेली.

वाट दाखवायला गावातले एक मामा बरोबर आले होते. वय साठीच्या पुढे, पायात झिजलेली स्लीपर, कमरेला कोयता.

"मामा, नाळेतून खाली पाने गावात उतरायला किती वेळ लागतो?" मेव्हण्याने पेन काढलं.

"भारा घेऊन का मोकळं?"

"मोकळंच. पण पळत."

मामा थांबले. भाऱ्याचा वेळ त्यांना पाठ होता, मोकळ्याचा होता, आजारी माणूस डोलीतून न्यायचा झाला तर त्याचाही होता. पळत जायचा रकानाच त्यांच्याकडे नव्हता. "पळत म्हंजी," त्यांनी शेवटी विचारलं, "माघं काय लागल्यालं असतंय का?"

एक्सेलमध्ये नाळेला २२ मिनिटं दिली होती. लिंगाण्याच्या खिंडीपर्यंत जाऊन परत यायचं होतं. नाळ म्हणजे दोन कातळांच्या मधली फट आणि तिच्यात वरून आजवर जे जे पडलं ते सगळं. फ्रिजएवढे धोंडे, त्यांच्यामध्ये टरबुजाएवढे, त्यांच्याखाली घसारा. गंमत अशी की फ्रिज दिसायला पक्का असतो आणि पाय ठेवला की दार उघडल्यासारखा हलतो. मामा पाय टाकण्याआधी दगडाकडे नुसतं बघायचे. आम्हीही बघायचो, पण आम्हाला काही कळायचं नाही. माझ्या नव्या बुटांच्या तळाला खोल दाते होते, पकड मिळावी म्हणून. त्यात पहिल्या दहा पावलांत मुरूम गच्च भरला आणि दंतवैद्य माझ्या तळव्याकडे व्यावसायिक नजरेने बघू लागला.

मग कुणी कुठे चालायचं यावरून वाद. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो, म्हणून नाळेत अंतर सोडून चालायचं नाही, एकमेकांना चिकटून उतरायचं, असं मामांनी सांगितलं. दगडाला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. सोळा तासांच्या आखणीत मेव्हणा सगळ्यात पुढे होता. आता त्याने मला, "भावोजी, तुम्ही व्हा पुढे, तुम्ही मोठे," असा मान दिला. तेवढ्यात दंतवैद्याच्या काठीने एक टरबूज सुटलं. "धोंडाऽऽ!" मामा ओरडले आणि आम्ही तिघंही एकाच वेळी कातळाला असे चिकटलो की नंतर सुटायला वेळ लागला. टरबूज ठणठणत खाली गेलं. त्याला २२ मिनिटंही लागली नाहीत.

दंतवैद्याने खिशातून स्नायूंवर मारायचा फवारा काढला. मामांनी त्याचा हात धरला. "वास नको सोडू डाक्टर, कड्याला आग्या मव्हाळ हाय." त्याने बाटली इतक्या खोल ठेवली की ती अजून सापडलेली नाही.

खिंडीत पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. मेव्हण्याने २२ हा आकडा खोडला, ११० लिहिला, खाली बेरीज आपोआप बदलली आणि बराच वेळ तो त्या बेरजेकडे बघत बसला. दोन्ही चहा गेले होते.

दिवेलागणीला मोहरीत परत आलो. मामांच्या घरी मावशींनी चुलीवर पिठलं टाकलं होतं. मेव्हण्याने धीर करून त्यांना सगळी बदललेली आखणी सांगितली: अमुक तारखेला आम्ही राजगडाकडून येऊ, रात्री आठ ते दहाच्या मध्ये, दहा मिनिटं थांबू, उभ्याउभ्या खाऊ, पुढे पळू. मावशी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. ना वेग विचारला, ना चढ.

"तिघं ना?"

"तिघं."

"मंग दोघांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून ठिवते," तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "आन् एकाचं अंथरूण घालून ठिवते."

"एकाचं कशाला मावशी?"

"एक ऱ्हातोयच की."

चुलीपाशी आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. पिठलं फार तिखट होतं. कोण, ते मात्र कुणी विचारलं नाही. दंतवैद्याने पाणी मागितलं, मेव्हणा एक्सेल बंद करायला लागला आणि मी सहज म्हणून विचारलं, की मावशी, गोधडी जाड असते ना?