काट्यावरचे नाना

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कुणी पुढे धरला, की नाना चष्मा कपाळावर सरकवतात आणि एकच विचारतात, "गाडी काट्यावर चढली का?"

समोरचा गोंधळतो. त्याची गाडी खाली लिंबाखाली लावलेली असते आणि आसपास काटाबिटा काही दिसत नाही.

नानांची ३२ वर्षांची नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. ज्या जिल्ह्यात सहकारी कारखानदारीचं पुराणच प्रवरानगरापासून सुरू होतं, तिथं हे काही विशेष नाही. विशेष हे, की नाना निवृत्त झाले, पण काट्यावरून उतरले नाहीत. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी बोलताना ते नगरच म्हणतात. पत्ता लिहिताना मात्र न चुकता अहिल्यानगर. "जीभ जिभेसारखी, कागद कागदासारखा."

सध्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही जुनी वस्तू मोबाइलवरून विकायची झाली, तर नानांना बोलावतात. लग्नाच्या बोलणीला कसा एखादा खमका मामा लागतो, तसं. सायकल, कूलर, हार्मोनियम, पोराचा अभ्यासाचा टेबल, सगळ्या सौद्यांना नाना हजर. दलाली एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. आयुष्यभर साखरेच्या दारात बसलेल्या माणसाला डॉक्टरांनी नेमकी तीच बंद केली आहे.

मी मात्र शहाणा. लग्नाचे फोटो काढायचं काम कमी केलं, तेव्हा जुना फ्लॅश परस्पर विकायला काढला. गिऱ्हाईक इतकं गोड, की ३,५०० म्हटल्यावर 'बरं' म्हणालं. त्यानं एक क्यूआर कोड पाठवला. म्हणे, "५ रुपयांचं करून बघू." मी स्कॅन केला, पिन टाकला, ५ गेले आणि त्यानं लगेच १० पाठवले. माझा ऊर भरून आला. मग ३,५०० चा कोड आला. मी त्याच भक्तिभावानं पिन टाकला आणि फ्लॅश न विकता फ्लॅशची किंमत मोजून बसलो.

नानांनी आधी माझ्याच फोनवरून १९३० लावला, तक्रार नोंदवायला लावली, बँकेला कळवायला लावलं. "आधी हे. रडायला रात्र आहे." मग पंचनामा सुरू केला.

"घासाघीस केली नाही त्यानं?"

"नाही."

"तिथंच ओळखायचं. दात न बघता बैल घेणारा एकतर जावई असतो, नाहीतर चोर. आणि पिन कशाला टाकलास?"

"पैसे घ्यायला."

नानांनी कपाळावर हात मारला, तिथं चष्मा होता. "अरे, पिन म्हणजे कोयता! तो चालवला की ऊस तुटतोच, आणि तोही तुझ्याच फडातला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. ओंजळ धरायला कुणी कोयता काढतं का?"

यूपीआय २०१६ साली सुरू झालं, पण इतक्या थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी भामटे 'अमुक रुपये द्या' अशी विनंती पाठवून तिच्यावर पिन टाकून घ्यायचे. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवायची सोयच बंद झाली. नानांना वाटलं, गावातली एक चोरवाट बुजली. "पण चोर काही वाट बघून जन्माला येत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या विक्रीचा ताबा घेतला; फ्लॅशपाठोपाठ तोही विकायचा होता.

नानांची पद्धत काट्याचीच. उसाची गाडी आली की आधी भरल्या गाडीचं वजन; गव्हाणीत ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं; वजाबाकी म्हणजे ऊस. इथं क्रम उलटा. सौद्याआधी ते खात्यातली शिल्लक वहीत लिहायला लावतात, ते रिकामं वजन. पैसे आल्यावर पुन्हा शिल्लक बघायची, ते भरलेलं. स्क्रीनशॉट म्हणजे 'ऊस निघाला' असा निरोप. एसेमेस म्हणजे 'फाट्यावर आला'. पैसे आल्याचं डबीतून बाई बोलली, तरी ती बाई कुणाची हे विचारायचं. वहीतली वजाबाकी जुळेपर्यंत वस्तू नानांच्या मांडीवर.

जाहिरात टाकली आणि पहिला फोन फौजी साहेबांचा. नगरात रणगाडा दलाचं केंद्र आहे, भिंगारची छावणी आहे, गल्लीत दोन माजी सैनिक आहेत. गणवेश म्हटलं की आमच्याकडे आपोआप आदर उत्पन्न होतो. भामट्यालाही ते ठाऊक असावं. त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, 'जय हिंद' म्हटलं आणि कॅमेरा न बघताच पैसे पाठवतो म्हणाला. नानांनी फोन घेतला.

"साहेब, कुठं असता?"

"नगरमध्येच. नौदलात."

नाना क्षणभर शांत झाले. मग अत्यंत मायेनं म्हणाले, "बाळ, आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. तुझं जहाज कुठं लावलंय?"

दुसऱ्यानं १८,००० ऐवजी चुकून ८१,००० गेल्याचं सांगितलं. तसा एसेमेसही आला, तोही एका साध्या दहा आकडी नंबरवरून. "वरचे तेवढे परत करा काका, आईचं ऑपरेशन आहे." नानांनी वही उघडली. "रिकामं वजन माझ्याकडं लिहिलेलं आहे. भरलेलंही तेवढंच भरतंय. तू ट्रकमध्ये काय, हवा भरून पाठवलीस?"

तिसरा मुंबईचा, जरा अभ्यासू. म्हणाला, "तुमच्याकडे शनिशिंगणापूर आहे, घरांना दारं नाहीत, आणि तुम्ही एवढा अविश्वास दाखवता?" नाना म्हणाले, "तिथं २०११ साली बँक निघाली, बिनकुलपाची म्हणून देशभर गाजली. काचेचं दार आणि त्याला डोळ्यांना दिसू नये असं विजेवरचं कुलूप. श्रद्धा शनिदेवावर ठेवावी. रोकडीला वेगळी व्यवस्था असते."

चौथा पाथर्डी तालुक्यातला पोरगा. त्यानं २० मिनिटं घासाघीस करून किंमत १७,५०० वर आणली. फोन ठेवून नाना खुशीत म्हणाले, "हा खरा."

माळीवाडा स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भेटायचं ठरलं. दिवसाउजेडी, चार माणसांत, हीही नानांचीच अट. पोरगा एसटीतून उतरला आणि त्यानं नानांनाच काट्यावर चढवलं. शटर किती पडलंय ते बघितलं. टॉर्च लावून लेन्समध्ये बुरशी शोधली. मूळ बिल मागितलं, त्यावरचा नंबर कॅमेऱ्याखालच्या नंबराशी ताडून पाहिला. "चोरीचा निघाला तर मी कुठं जाऊ?" म्हणाला. नानांना आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले, जणू कॅमेरा मी खरंच चोरला होता.

"आधी १ रुपया पाठवतो. नाव जुळू द्या," पोरगा म्हणाला. नाव जुळलं. मग त्यानं उरलेले १७,४९९ पाठवले आणि चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. त्याच्या खात्यातून पैसे कटले, माझ्या वहीत वजाबाकी १ रुपयाची.

आता कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं एक टोक नानांच्या मुठीत, दुसरं पोराच्या. दोघंही चहा डाव्या हातानं पीत होते.

"नाहीच पोचले तर उद्यापर्यंत आपोआप परत येतात," पोरगा म्हणाला. "त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, रिझर्व्ह बँकेचा नियम."

"मग अडकू दे की निवांत," नाना म्हणाले. पोरगा हसला. नानांना वाटलं, सूत जुळलं. त्यांनी त्याला काटापुराण ऐकवलं: रिकामं वजन, भरलेलं वजन, ३२ वर्षांत एक आकडा इकडचा तिकडं नाही.

पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमचे वडील ऊसतोडीला होते. मीपण कोपीवरच वाढलो. टनावर मजुरी. आकडा आतल्या माणसाला दिसायचा, आम्हाला चिठ्ठी मिळायची. चिठ्ठीवर असंल तेवढाच आमचा ऊस." आणि जरा थांबून, "तुमचं नाही म्हणत, नाना."

नाना काही बोलले नाहीत. टपरीवाल्यानं चुकून साखरेचा चहा पुढे ठेवला, तो त्यांनी अर्धा संपवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी शिल्लक उघडली. नानांनी वही घेतली, पेन घेतलं, आणि वजाबाकी मांडता मांडता थांबले. वही आणि फोन दोन्ही त्यांनी पोराकडे फिरवलं. "तू कर."

पोरानं केली. १७,५०० बरोबर. नानांनी पट्टा सोडला.

तेव्हापासून सौद्याला बसताना नाना गिऱ्हाइकाच्या समोर बसत नाहीत, शेजारी बसतात. वही दोघांच्या मध्ये उघडी. मी एकदा कारण विचारलं.

"तिकडून उजेड बरा येतो," नाना म्हणाले.