मानकऱ्यांची पहिली रांग

तिकीटबारी उघडण्यापूर्वीच दाराशी तिष्ठत उभ्या राहिलेल्या गृहस्थासमोर आसनांचा तक्ता येतो, तेव्हा त्यातील पुढच्या दोनतीन ओळींवर फुल्या कोणी, कधी आणि कोणाच्या हुकुमाने मारल्या, या प्रश्नाचा उलगडा मीमांसकांनाही झालेला नाही. ती जागा वंशपरंपरागत वतनासारखी मानकऱ्यांकडे चालत आलेली असते, आणि मानकरी बहुधा मध्यंतराच्या सुमारास येतात.

पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ आरंभिलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातील भारतीय बैठकीचा रसिक त्या मानाने सरळ म्हणावा लागेल, कारण तो दार उघडताच उघडपणे धावतो, सतरंजी पसरतो आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार पिशव्या ठेवून अद्याप घरी चहा घेत असलेल्या समस्त आप्तवर्गाचा कब्जा वहिवाटीने शाबीत करतो. या न्यायदानात अपिलाची सोय नाही.

परंतु २२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी मध्यान्ही, कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची विक्री खुली झाली, त्या वेळी पडद्यावर प्रकट झालेल्या रांगेत ना धक्काबुक्की होती, ना ओळखीचा शिपाई. लक्षावधी उमेदवार आपापल्या दिवाणखान्यात बसून आपला क्रमांक न्याहाळत होते, आणि तिकिटे संपल्याचे वर्तमान येते न येते तोच तीच तिकिटे कित्येक पट दराने अन्यत्र विक्रीस मांडली गेली. मानकऱ्यांना मात्र, माझा असा कयास आहे, त्याही दिवशी क्रमांक पाहावा लागला नसावा.